वाचकांचे प्रश्न : कोकोचे झाड आणि त्याची कडू बी

गेल्या महिन्यात या सदरात दाट जंगलाच्या सावलीत वाढणाऱ्या झाडांविषयी लिहिताना कोकोचा उल्लेख दोन ओळींत उरकला होता. तो तसा उरकणे वाचकांना पटलेले नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसले. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न कोकोचेच घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि प्रश्न थोडे आटोपशीर करून छापले आहेत.

प्रश्न : कोको, कोका आणि कोकोनट ही झाडे एकमेकांच्या नात्यातली आहेत का? नावे इतकी सारखी कशी?

उत्तर : तिघांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. कोकोनट म्हणजे नारळ. तो ताडाच्या कुळातला असून ‘कोको’ हे नाव त्याला पोर्तुगीज दर्यावर्दींमुळे मिळाले, कारण करवंटीवरच्या तीन डोळ्यांमुळे ती त्यांना एखाद्या चेहऱ्यासारखी दिसली. कोका हे अँडीज पर्वतातले झुडूप असून त्याची पाने तिथले लोक चघळतात, आणि कोकेन याच पानांतून काढले जाते. आपल्या विषयाच्या झाडाला मध्य अमेरिकेतील माया लोक ‘काकाव’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचे ‘काकाओ’ केले, इंग्रजीत अक्षरांची उलटापालट होऊन त्याचे ‘कोको’ झाले आणि मराठीने तेच रूप उचलले. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला ‘थिओब्रोमा कॅकाओ’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘देवांचे अन्न’ असा होतो. कुळाच्या दृष्टीने पाहिले तर कोको हा कापूस, भेंडी आणि जास्वंद यांचा भाऊबंद आहे. लागवडीत हे झाड साधारणपणे चार ते आठ मीटर उंच वाढते आणि वर्षभर हिरवे राहते.

प्रश्न : एका वनस्पती उद्यानाच्या काचगृहात कोकोचे झाड पाहिले. खोडावर शेकडो बारीक फुले होती, पण फळ एकही नव्हते. दरवर्षी असेच होते, असे तिथल्या माळ्याने सांगितले. झाडात काही दोष असेल का?

उत्तर : झाडात दोष असण्याचे कारण नाही, त्या काचगृहात एक चिलट नाही, एवढेच बहुधा कारण आहे. ते समजण्यासाठी कोकोचे फूल भिंगाखाली धरून पाहावे लागते, आणि ते पाहण्यासारखे असतेही.

फणस किंवा उंबर यांच्याप्रमाणे कोकोलाही फुले कोवळ्या शेंड्यांवर न येता थेट खोडावर आणि जून फांद्यांवर येतात. जिथे पूर्वी कधीतरी पान होते त्या जागी सालीवर एक लहानशी गाठ तयार होते आणि त्याच गाठीतून वर्षानुवर्षे फुलांचे झुबके निघत राहतात. फळ ओढून तोडले आणि ही गाठ सोलवटली गेली, तर त्या जागी पुन्हा फूल येत नाही. म्हणूनच जाणता शेतकरी फळ कधी हिसकत नाही, देठाशी धारदार पात्याने कापतो.

फूल करंगळीच्या नखाएवढे असते. बारीक, लवचीक देठावर ते लोंबते. पाच पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक लहानशी टोपी असते. परागकण धारण करणारा पुंकेसर नेमका या टोपीच्या आत दडलेला असतो. मधोमध स्त्रीकेसर आणि त्याभोवती पाच लालसर, टोकदार, वांझ केसरांचे कुंपण. म्हणजे पराग टोपीत लपलेला आणि स्त्रीकेसर कुंपणाआड उभा. या रचनेत मधमाशीचा शिरकाव होणे अवघड, आणि वाऱ्याने उडावा असा तो परागही नाही, कारण तो चिकट असतो. हे काम करतात ती एक ते तीन मिलिमीटर लांबीची चिलटे, ज्यांच्या एका गटाला शास्त्रात ‘फोर्सिपोमाया’ म्हणतात. ही चिलटे वांझ केसरांवरून चालत टोपीत शिरतात आणि पाठीवरच्या केसांना लागलेले परागकण घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. त्यांच्या अळ्या कुजलेल्या पाचोळ्यात, केळीच्या सडक्या बुंध्यात आणि टाकून दिलेल्या फळांच्या टरफलांत वाढतात. काचगृहाची जमीन रोज झाडून लख्ख ठेवली जाते, त्यामुळे तिथे चिलटांना घरच उरत नाही.

दुसरेही एक कारण असू शकते. कोकोची अनेक झाडे स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. पराग स्त्रीकेसरावर पडतो, रुजतो, बीजांडापर्यंत पोहोचतोही. पण अखेरच्या मीलनाच्या टप्प्यावर झाड त्याला नाकारते आणि फूल गळून पडते. तुम्ही पाहिलेले झाड या प्रकारातले असेल आणि एकटेच असेल, तर चिलटे आणून सोडली तरी उपयोग होणार नाही. माळ्याला एक उपाय करता येईल : वेगळ्या वाणाच्या झाडाचे पहाटे उमललेले फूल आणावे, चिमट्याने त्याचा पुंकेसर अलगद काढावा आणि आपल्या झाडाच्या ताज्या फुलातील स्त्रीकेसरावर घासावा. हे सकाळीच करावे लागते, कारण परागण न झालेले फूल एक-दोन दिवसांतच गळून जाते.

एवढे करूनही फार फळांची आशा धरू नये. मळ्यातल्या निरोगी झाडावरही शंभर फुलांपैकी जेमतेम एक ते पाच फुलांचीच फळे होतात. त्यातलीही बरीच बोटाएवढी झाल्यावर काळी पडून वाळतात आणि झाडालाच चिकटून राहतात. हा रोगच असतो असे नाही. आपल्याला जेवढी पोसता येतील तेवढीच फळे झाड ठेवते, बाकीच्यांचा रस तोडते.

प्रश्न : परदेशातून येताना आमच्या नातेवाइकांनी वाळवलेल्या कोकोच्या बिया आणल्या. उत्तम माती घालून, वेळेवर पाणी देऊन पेरल्या, तरी एकही उगवली नाही. आमचे काय चुकले?

उत्तर : तुमचे काहीही चुकले नाही. त्या बिया पेरण्यापूर्वीच मेलेल्या होत्या, आणि त्या मरणे हा कोको तयार करण्याच्या कृतीचाच भाग आहे. त्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर सांगितले आहे. परंतु केवळ सावलीत सुकवलेली बी मिळाली असती, तरी निष्पत्ती तीच झाली असती. धान्याची किंवा कडधान्याची बी वाळली की निद्रेत जाते आणि वर्षानुवर्षे तग धरते. कोकोच्या बीला ही निद्रा ठाऊकच नाही. सदैव ओल्या, सदैव उबदार जंगलात जिचा वंश वाढला, त्या बीला वाट पाहण्याची गरज कधी पडली नाही. ती फळातून बाहेर पडली की लगेच रुजू लागते. वाळली की मरते, थंडीत ठेवली तरी मरते. फळातून काढलेली बी ओलसर ठेवूनही फार दिवस टिकत नाही. कोकोचे रोप हवे असेल तर ताजे पिकलेले फळच मिळवावे लागते आणि गर धुऊन बी त्याच दिवशी पेरावी लागते.

फळाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. कोकोचे फळ पिकले तरी आपोआप उकलत नाही आणि सहसा गळूनही पडत नाही. जाड सालीच्या आत बिया बंदच राहतात. माकडे आणि खारी ती साल फोडतात, बीभोवतीचा गोड गर चोखतात आणि कडू बी थुंकून टाकतात. झाडाला हेच हवे असते : गर हे पाहुण्यांसाठी, कडूपणा हे बीचे संरक्षण.

प्रश्न : सहलीत एका मळ्यावर ताजे कोकोचे फळ फोडून दिले. गर छान गोड-आंबट लागला, पण बी चावली तर असह्य कडू. चॉकलेटचा तर वासही नव्हता. मग ती चव येते कुठून? कारखान्यात घालतात का?

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण चॉकलेटची चव कारखान्यात जन्मते असा बहुतेकांचा समज असतो आणि तो अर्धाच खरा आहे. त्या चवीचा पाया मळ्यातच, फळ फोडल्यानंतरच्या आठवडाभरात घातला जातो. तो पाया चुकला तर पुढे जगातले कोणतेही यंत्र ती बी सुधारू शकत नाही.

मीही ताजी बी चावून पाहिली आहे. बाहेरचा पांढरा गर बुळबुळीत आणि सुगंधी असतो. आतली बी कापली की बहुतेक वाणांत गर्द जांभळी दिसते, आणि चावली की आधी कडूपणा व मागोमाग असा तुरटपणा येतो की जीभ आखडल्यासारखी होते. हा जांभळा रंग आणि तुरटपणा दोन्ही पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांमुळे येतात. कडूपणात थिओब्रोमीन या अल्कलॉइडचा वाटा मोठा असतो. बीच्या पेशींत ही द्रव्ये एका कप्प्यात, प्रथिने व साखर दुसऱ्या कप्प्यात आणि त्यांच्यावर काम करणारी विकरे तिसरीकडे अशी वेगवेगळी बंद असतात. हे कप्पे फुटेपर्यंत काहीच घडत नाही.

ते फोडण्याचे काम आंबवण्याची क्रिया करते. फळे फोडून बिया गरासकट काढतात आणि एक तर केळीच्या पानांवर त्यांचा ढीग घालून वरून पानेच झाकतात, किंवा लाकडी पेट्यांमध्ये भरतात. गरात भरपूर साखर असते आणि तो आंबटही असतो. यीस्टला हवे असते ते नेमके हेच. पहिल्या दिवस-दोन दिवसांत यीस्ट साखरेचा अल्कोहोल करते आणि गर विरघळवते. त्याचा रस ढिगाच्या बुडातून निथळून जातो. गर ओसरला की बियांमधून हवा खेळू लागते. या वेळी शेतकरी ढीग उलटापालटा करतो, हवा आणखी आत जाते आणि ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू अल्कोहोलचा ताबा घेतात. त्यांच्या कामातून एवढी उष्णता निघते की ढिगाच्या आत ४५ ते ५० अंश सेल्सिअस तापमान होते. अशा ढिगाजवळ उभे राहिले तर व्हिनेगरचा तिखट वास नाकात चढतो, आणि पाने बाजूला सारून आत हात घातला तर तो फार वेळ ठेववत नाही.

त्या उष्णतेने आणि आत झिरपणाऱ्या आम्लाने बीतला अंकुर मरतो. अंकुर मेला की पेशींचे कप्पे फुटतात आणि आतापर्यंत वेगळी राहिलेली द्रव्ये एकमेकांत मिसळतात. विकरे प्रथिनांचे तुकडे करतात, साध्या साखरेचे आणखी साध्या साखरांत रूपांतर करतात. पॉलिफेनॉलचा हवेशी संयोग होऊन जांभळा रंग तपकिरी होतो आणि तुरटपणा उतरतो. एवढे झाले तरी बीला चॉकलेटची चव आलेली नसतेच. तिची केवळ पूर्वतयारी झालेली असते. पुढे बी भाजली जाते तेव्हा प्रथिनांचे ते तुकडे आणि त्या साखरा एकमेकांशी संयोग पावतात आणि आपण ओळखतो तो वास प्रथमच दरवळतो. न आंबवलेली बी कितीही खरपूस भाजली तरी तो वास येत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे : चव कोणी वरून घालत नाही, पण ती बीत तयार स्वरूपातही नसते.

बहुतेक वाणांना पाच ते सात दिवस आंबवावे लागते. ज्याची बी कापल्यावर पांढुरकी दिसते त्या ‘क्रिओयो’ वाणाला दोन-तीन दिवस पुरतात, कारण त्यात तुरटपणा मुळातच कमी असतो. दिवस कमी पडले तर बी कडू राहते, जास्त झाले तर ती कुजकट वासाची होते. हे ओळखण्यासाठी आंबवणारा माणूस घड्याळापेक्षा वास, हाताला लागणारी ऊब आणि बीच्या आतला रंग यांवर विसंबतो. नंतर बिया उन्हात साधारण आठवडाभर वाळवतात. त्यांतील ओलावा सात-आठ टक्क्यांवर आणावा लागतो. तो जास्त राहिला तर बुरशी धरते.

खरेदीच्या वेळी घेतली जाणारी एक चाचणी अगदी साधी आणि म्हणूनच मला फार आवडणारी आहे. मालातून तीनशे बिया घेऊन प्रत्येक उभी कापतात आणि अर्धुके उजेडात मांडतात. पाटीसारखा राखाडी रंग म्हणजे आंबवलीच नाही. जांभळा म्हणजे अर्धवट. तपकिरी आणि आत भेगा पडलेली म्हणजे चांगली आंबवलेली. त्या माणसाने त्या आठवड्यात किती लक्ष दिले, हे अशा एका दृष्टिक्षेपात कळते.

प्रश्न : एवढी कडू बी खाण्याजोगी आहे, हे माणसाला सुचले तरी कसे? आणि तिचे चलन होते, हे खरे का?

उत्तर : माणसाला आधी गर आवडला असावा आणि बीचा उपयोग मागाहून कळला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. गरासह टाकलेल्या बियांचा ढीग आपोआपच आंबतो. तो चुलीपाशी पडून भाजला गेला की पुढची वाट दिसायला फार वेळ लागला नसेल.

पुराव्यांपुरते बोलायचे तर, झाडाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या उगमाकडच्या प्रदेशात आहे. आग्नेय इक्वेडोरमधील सांता आना–ला फ्लोरिदा येथील भांड्यांवर कोकोचे अवशेष सापडले असून त्यांवरून सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी तिथे कोको वापरात होता, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तिथून तो मध्य अमेरिकेत पोहोचला आणि तिथे त्याचे पेय झाले. ग्वातेमालातील रिओ आसुल येथील एका थडग्यात सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे, फिरकीचे झाकण असलेले मातीचे भांडे मिळाले. त्यावर माया लिपीत ‘काकाव’ हा शब्द रंगवलेला होता आणि आतल्या पुटाच्या रासायनिक तपासणीत कोकोच निघाला. पात्रावर लिहिलेले आणि पात्रात सापडलेले असे तंतोतंत जुळावे, हे पुरातत्त्वात क्वचितच घडते.

चलनाची गोष्ट खरी आहे. अस्तेक लोकांची राजधानी समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच पठारावर होती आणि तिथल्या थंडीत कोको जगत नसे. तो दक्षिणेकडच्या उष्ण प्रदेशांतून, विशेषतः सोकोनुस्कोतून, खंडणी म्हणून पाठीवर वाहून आणला जाई. दुर्मीळ, मोजता येण्याजोगा, टिकाऊ आणि सर्वांना हवासा असल्यामुळे तो नाण्याचे काम करू लागला. बनावट नाणी पाडणारेही निघाले : पोकळ टरफलात माती भरून ती खऱ्या बियांत मिसळली जाई, अशी नोंद आहे. १५०२ मध्ये कोलंबसाच्या चौथ्या सफरीत होंडुरासजवळच्या ग्वानाखा बेटापाशी व्यापारी होडी भेटली, तेव्हा त्यातील माणसांच्या हातून या बिया खाली पडताच ती सगळी जण डोळाच निखळून पडावा अशा लगबगीने त्या वेचायला वाकली, असे कोलंबसाच्या मुलाने लिहून ठेवले आहे. कोलंबसाला मात्र त्यांची किंमत उमगली नाही.

घट्ट चॉकलेटची वडी ही फार अलीकडची गोष्ट आहे. सोललेल्या बीत निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. तो दाबून वेगळा काढण्याचे यंत्र १८२८ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांच्या कारखान्यातून पुढे आले, आणि १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली वडी पाडली गेली. त्याआधीची हजारो वर्षे कोको प्यायला जात होता.

प्रश्न : हे झाड सावलीतच वाढवावे लागते की उन्हातही चालते? वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे वाचायला मिळते.

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत, फक्त त्यांचा काळ वेगळा आहे. कोको हे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस साधारण २० अंशांच्या पट्ट्यात, उंच झाडांच्या छत्राखाली वाढणारे झाड आहे. पूर्ण उन्हाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याएवढा प्रकाश मिळाला तरी त्याच्या पानांचे पोट भरते. त्याच्या अंगावर सावलीच्या खुणा जागोजागी दिसतात : पाने मोठी व पातळ असतात, देठाच्या दोन्ही टोकांना सांधे असल्यामुळे ती प्रकाशाच्या दिशेने वळू शकतात, आणि नवी पालवी तांबूस, लुळी, खाली लोंबलेली निघते व मगच हिरवी होऊन ताठ होते.

लहान रोपाला सावली द्यावीच लागते, याबद्दल दुमत नाही. मध्य अमेरिकेत त्यासाठी गिरिपुष्पाची झाडे लावत. त्या झाडाला स्पॅनिशमध्ये ‘माद्रे दे काकाओ’, म्हणजे ‘कोकोची आई’, हेच नाव पडले आहे. मोठे झाल्यावर सावली काढली आणि खत-पाण्याची हयगय केली नाही, तर पहिली काही वर्षे फळे अधिक येतात. परंतु असे झाड लवकर थकते, जमीन उघडी पडते, पाचोळा नाहीसा होतो आणि त्याबरोबर वर सांगितलेली चिलटेही. पश्चिम आफ्रिकेत याचा दुष्परिणाम मोठ्या प्रमाणावर झाला आहे. जंगल तोडायचे, नव्या सुपीक जमिनीवर कोको लावायचा आणि जमीन थकली की पुढचे जंगल तोडायचे, या क्रमाने आयव्हरी कोस्टने १९६० पासून आपले बहुतेक जंगल गमावले. त्यात कोकोचा वाटा मोठा आहे. हे सगळे शेतकऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. बहुतेक मळे काही एकरांचेच असतात आणि बीला मिळणाऱ्या तुटपुंज्या भावात सावलीची झाडे जपत बसण्याची चैन त्याला परवडत नाही. सावली राखायची तर तिचा मोबदला बीच्या भावातून मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : थिओब्रोमीनमध्ये ब्रोमीन असते का? आणि कुत्र्याला चॉकलेट देऊ नये म्हणतात, ते खरे का?

उत्तर : ब्रोमीन अजिबात नसते, हे नाव झाडाच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. हे द्रव्य कॅफिनचे जवळचे भावंड असून माणसावर त्याचा परिणाम कॅफिनपेक्षा सौम्य असतो. कुत्र्याचे शरीर मात्र ते फार हळू विघटित करते, ते साचत जाते आणि उलट्या, हृदयाची धडधड, झटके येथपर्यंत मजल जाऊ शकते. चॉकलेट जितके गडद तितका धोका अधिक. कुत्र्याने ते खाल्ले असेल तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

प्रश्न : कोको मूळचा अमेरिकेचा, मग आज निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घानात कसा पिकतो? आणि उद्या तिथे मोठा रोग आला तर काय?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यातच आहे, कारण कोकोच्या स्थलांतरात रोगांचा हात फार मोठा आहे. मूळ घरात झाडाबरोबर त्याचे शत्रूही वाढलेले असतात. ‘विचेस ब्रूम’ नावाचा एक बुरशीजन्य रोग आहे. त्यात फांदीच्या टोकाला खराट्यासारखा वेडावाकडा फुटवा येतो आणि फळे सडतात. तो १९८९ मध्ये ब्राझीलच्या बाईया प्रांतात पोहोचला आणि दहा-बारा वर्षांत तिथले उत्पादन पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आले. आफ्रिकेत कोको एकोणिसाव्या शतकात गेला : आधी ब्राझीलहून प्रिन्सिपे व साओ तोमे या बेटांवर, मग फर्नांदो पो बेटावर, आणि तिथून घानाच्या मुख्य भूमीवर. १८७९ च्या सुमारास तेते क्वार्शी या लोहाराने तो तिथे आणून मांपोंग येथे लावला, हे तिथे आजही आदराने सांगितले जाते. अमेरिकेतील दोन सर्वांत भयंकर बुरशी मात्र समुद्र ओलांडून गेल्या नाहीत, आणि १९११ पर्यंत घाना जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला.

आफ्रिकेत झाडाला वेगळाच शत्रू भेटला. खोड व मुळे सुजवणारा एक विषाणू तिथल्या रानटी झाडांत आधीपासूनच होता. पिठ्या ढेकणांनी तो कोकोवर आणला आणि १९३६ मध्ये तो प्रथम ओळखला गेला. त्याला औषध नाही. लागण झालेले झाड आणि त्याच्या शेजारची झाडे तोडणे हाच उपाय. आजवर घानात अशी कोट्यवधी झाडे तोडली गेली आहेत. अलीकडच्या वर्षांत हा विषाणू, म्हातारे झालेले मळे आणि लहरी पाऊस यांची गाठ पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरांच्या वर गेला.

उद्याच्या रोगाला तोंड द्यायचे तर त्याला न बधणारी झाडे हवीत, आणि ती शोधायला कोकोच्या मूळ घरीच जावे लागते. १९३० च्या दशकात पाउंड नावाच्या संशोधकाने ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात फिरून ‘विचेस ब्रूम’ला दाद न देणारी झाडे शोधली, आजच्या अनेक वाणांत त्या झाडांचे रक्त आहे. त्रिनिदादमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या देखरेखीखाली सुमारे २,४०० प्रकारच्या कोकोचा संग्रह आहे. गहू-तांदळाचे वाण थंड तिजोरीत पाकिटांत ठेवता येतात. कोकोची बी वाळवता येत नाही आणि गोठवताही येत नाही, म्हणून हा सगळा संग्रह उघड्या शेतात, जिवंत झाडांच्या रूपाने उभा आहे. एखादा प्रकार आफ्रिकेत पाठवायचा झाला, तर आधी त्याची डोळे असलेली काडी इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या काचगृहात जाते. तिथल्या आसपास कोकोचे एकही पीक नसल्यामुळे चुकून रोग निसटला तरी त्याला धरायला झाड मिळत नाही. तिथे काडीचे कलम करतात आणि ते झाड दोन वर्षे निरखतात. प्रत्येक पालवीवर विषाणूची खूण दिसते का, हे पाहिले जाते. ती दिसली नाही, तरच काडी पुढच्या प्रवासाला निघते.